पगार आणि अनुदान

जिंतूरहून सेनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णेच्या काठी, येलदरी लागते. गाव लहान, पण नाव मोठे. कारण ते धरणाचे नाव आहे. १९६८ साली पुऱ्या झालेल्या या धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह आहे. तेथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी परभणी-वसमतकडची शेते भिजवते. नदीपलीकडचा मुलूख १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात मोडतो. धरणाच्या कामासाठी जी वसाहत उभी राहिली तिला लोक आजही 'कॅम्प' म्हणतात. पावसाळ्यात दरवाजे उघडले म्हणजे माणसे पाणी पाहायला येतात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो.

चहाच्या टपरीवर आमच्या शेजारी एक गृहस्थ तीनचाकी सायकल लावून बसले होते. वय पन्नाशीच्या आतबाहेर, दोन्ही पाय लहानपणीच्या पोलिओने वाळलेले. आमच्या हातात वर्तमानपत्र होते. धरणात किती दशलक्ष घनमीटर पाणी आले, टक्केवारी किती झाली, कोणते दरवाजे किती वाजता उघडणार, हे सारे त्यात तपशीलवार छापलेले. गृहस्थांनी विचारले, "साहेब, पगाराचं काई आलं का ओ पेपरात?" आम्ही क्षणभर गोंधळलो. हे कोठे नोकरीस असतील असे वाटेना. मग टपरीवाल्यानेच उलगडा केला : "निराधाराचा पगार म्हणतेत ते. दोन महिन्याचा अडकलाय."

शासनाच्या दप्तरी या रकमेचे नाव 'अनुदान' किंवा 'अर्थसहाय्य' असे आहे. मराठवाड्याच्या खेड्यांत मात्र तिला सर्रास पगार म्हणतात. संजय गांधीचा पगार, श्रावणबाळाचा पगार. शहरी माणसास हे ऐकून हसू येते. काही जण तर 'काम न करता पगार' अशी कोटीही करतात. आम्हांस मात्र त्या दिवसापासून हा शब्द सोडीनासा झाला आहे. आमच्या मते या एका शब्दात गरजवंतांनी शासनाच्या साऱ्या परिभाषेपेक्षा अधिक नेमकी मागणी नोंदवून ठेवली आहे. अनुदान देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, पगार घेणाऱ्याच्या हक्काने. अनुदान घराची ऐपत पाहून ठरते, पगार माणसाच्या नावावर निघतो. आणि पगाराला तारीख असते. अपंग माणसाला सरकारने दरमहा रोख पैसे द्यावेत की नाही हा वाद आता संपल्यासारखा आहे. किती द्यावेत यावर आंदोलने होतात. पण ते कोणाला आणि कशाबद्दल द्यावेत, या मूळ प्रश्नाकडे आपण अजून नीट वळलेलो नाही.

थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, सुरू झाली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात विमान अपघातात निधन पावलेल्या तरुण नेत्याचे नाव तिला मिळाले. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर रोगाने ग्रासलेले आणि अपंग अशा सर्वांना तिने एका छपराखाली आणले. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हती. केंद्र सरकारला अपंगांसाठी स्वतंत्र निवृत्तिवेतन काढावयास २००९ साल उजाडले. तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि ऐंशी टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांपुरते. त्यातला केंद्राचा वाटा २०१२ साली तीनशे रुपये झाला आणि तेथेच थबकला. ऐंशी वर्षे पुरी केलेल्यांस तो पाचशे मिळतो. ऐंशी टक्के अपंगत्व घेऊन ऐंशी वर्षे जगणारे किती असतील, हा हिशेब आम्ही दिल्लीवरच सोपवतो.

राज्याची रक्कम मात्र हलत राहिली. २०१९ पर्यंत दरमहा सहाशे रुपये मिळत, त्या वर्षी हजार झाले. २०२३ मध्ये पंधराशे. २०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे अन्नत्याग केला, त्यात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांस दरमहा सहा हजारांची मागणी होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दिव्यांगांपुरती हजार रुपयांची वाढ केली आणि रक्कम अडीच हजारांवर गेली. सहा वर्षांत सहाशेचे अडीच हजार, ही वाढ नाकारण्याचे कारण नाही. आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु रकमेच्या या चढत्या भाजणीकडे पाहताना ज्या दारातून आत शिरायचे ते दार तेवढेच अरुंद राहिले, हे कोणी पाहिले नाही.

ते दार म्हणजे 'निराधार' हा शब्द. योजना अपंगास पैसे देते, पण अपंगत्वाबद्दल देत नाही, निराधारपणाबद्दल देते. म्हणून चाळीस टक्क्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र पुरेसे होत नाही, उत्पन्नाचा दाखलाही लागतो, आणि तो दाखला माणसाचा नसून घराचा असतो. इतरांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार रुपये. दिव्यांगांसाठी ती वाढवून पन्नास हजार केलेली आहे, आणि हा उदारपणा म्हणून सांगितला जातो. तो किती उदार आहे हे पाहू. पन्नास हजार म्हणजे दिवसाला १३७ रुपये, साऱ्या घराचे मिळून. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे घरातील धडधाकट माणसांनी मिळून वर्षात एकशे एकसष्ट दिवस सरकारी दराने मजुरी केली की त्या घरातला अपंग माणूस कागदावर निराधार राहत नाही. एकवीस हजारांच्या मर्यादेचे तर विचारूच नका. शासन स्वतः ज्या शंभर दिवसांच्या कामाची हमी देत होते त्याची मजुरीच ३१,२०० रुपये होते. एका हाताने दिलेली हमी दुसऱ्या हाताच्या योजनेस अपात्र ठरवते. (निराधार असल्याचे सिद्ध करण्यास 'आधार' लागते हा विनोद आता जुना झाला, त्यापेक्षा हा नवा आहे.)

याच्या शेजारी २०२४ साली आलेली लाडकी बहीण योजना ठेवून पाहावी. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये. त्या योजनेविषयी आमचे बरेवाईट मत येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. बायकांच्या हाती स्वतःचा पैसा आला ही गोष्ट आम्हांस चांगलीच वाटते. पण एक साधे घर कल्पावे. वार्षिक उत्पन्न एक लाख. आई पंचेचाळीस वर्षांची, हातीपायी धड. मुलगा पंचवीस वर्षांचा, जन्मतः पूर्ण अंध. नियमांनुसार आई पंधराशे रुपयांस पात्र आहे आणि मुलगा एका पैशास नाही, कारण तो निराधार नाही. त्याला आई आहे. हा कोणा कारकुनाचा दोष नव्हे. कारकून नियमाप्रमाणेच वागतो. नियम करताना कोणी ही दोन माणसे एकाच ताटाशी बसवून पाहिली नाहीत, एवढेच.

आमचे एक आतेभाऊ होते. मराठवाड्यातल्याच दुसऱ्या एका तालुक्यात राहत. त्या गावाचे वा कचेरीचे नाव घेण्याचे कारण नाही. अण्णा म्हणत त्यांना सारे. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि कमरेखालचा डावा भाग गेला. लग्न झाले नाही. धाकट्या भावाच्या संसारात ते राहिले, आणि राहिले म्हणजे चांगल्या रीतीने राहिले. भाऊ-भावजय दोघेही मायेची माणसे. त्यांना सहाशे रुपये होते तेव्हाची गोष्ट. पैसे सुटले की अण्णा भाच्या-पुतण्यांना लिमलेटच्या गोळ्या आणीत, घरात पावशेर चहापत्ती टाकीत, उरलेले पैसे धोतराच्या सोग्यात बांधून ठेवीत. काठीचे रबर, दाढी, तंबाखू हा त्यांचा खर्च. पुढे भावाने किराणा दुकान घातले. ते चालले. उत्पन्नाचा दाखला वाढीव निघाला आणि पडताळणीत अण्णांचे नाव कमी झाले. कोणीतरी त्यांना विचारले म्हणे, "भाऊ पोसतो ना? मग तुम्ही निराधार कसे?" अण्णांनी उत्तर दिले नाही. देणार तरी काय? नाही म्हणावे तर भावाची बदनामी आणि हो म्हणावे तर नाव कटते.

त्यानंतर त्यांच्यात जो बदल झाला तो आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. पंगतीत ते शेवटी येऊन बसू लागले. दुसऱ्यांदा भाकरी मागणे त्यांनी सोडले. वाढली तर खात. काठीचे रबर झिजून लाकूड फरशीवर वाजू लागले तरी बोलले नाहीत. भावजय कळवळून म्हणे, "अण्णा, मागा की. आम्ही का परके?" ते हसत. घरात पैशांची ददात नव्हती, उलट पूर्वीपेक्षा बरे दिवस होते. पण घराला बरे दिवस आले त्याच वेळी अण्णांचे वाईट दिवस सुरू झाले. सहाशे रुपयांनी त्यांचे पोट भरत नव्हते हे खरे. पण त्या सहाशे रुपयांमुळे घरात त्यांना एक जागा होती, देण्याची जागा. केवळ घेणारा माणूस मायेच्या घरातही हळूहळू भिंतीकडे सरकतो. शासनाच्या नियमाला हे दिसत नाही, कारण त्याच्या लेखी कुटुंब हे एकच तोंड, एकच पोट आणि एकच खिसा असलेले काहीतरी आहे. ज्याने मराठी एकत्र कुटुंब आतून पाहिले आहे त्यास हे पटवणे कठीण आहे.

अर्थशास्त्रातही ही गोष्ट मांडून झालेली आहे. अमर्त्य सेन यांनी 'द आयडिया ऑफ जस्टिस' या २००९ सालच्या ग्रंथात अपंगत्वाच्या दोन अडचणी वेगळ्या केल्या. एक कमावण्याची अडचण : अपंग माणसास काम मिळणे कठीण. दुसरी, त्याहून कमी दिसणारी : हाती आलेल्या पैशाचे जगण्यात रूपांतर करण्याची अडचण. धडधाकट माणूस ज्या दहा रुपयांत बाजारास जाऊन येतो, त्याच कामाला व्यंग असलेल्यास रिक्षा, सोबती आणि अर्धा दिवस लागतो. म्हणून समान उत्पन्न म्हणजे समान जीवन नव्हे. सेन यांनी केंब्रिजच्या वीबके कुक्लिस या अकाली निवर्तलेल्या अभ्यासिकेचे ब्रिटनविषयीचे आकडे दिले आहेत. तेथे एकूण १७.९ टक्के माणसे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत होती. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण २३.१ टक्के होते, आणि रूपांतराची अडचण हिशेबात धरली तेव्हा ते ४७.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे निव्वळ उत्पन्न मोजणाऱ्याच्या नजरेतून अर्धीअधिक गरिबी सुटून जाते. ही गोष्ट चांगले रस्ते, उतार केलेल्या पायऱ्या आणि सरकारी दवाखाने असलेल्या देशाची. येलदरीहून तालुक्याचे गाव पंधराएक किलोमीटर आणि जिल्ह्याचे त्याहून पुढे चाळीसहून अधिक. एस.टी.त अपंगास भाड्यात पंच्याहत्तर टक्के सवलत आहे. बसची पायरी मात्र सर्वांना सारख्याच उंचीची असते.

या बाबतीत कायदा अगदीच मुका नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संसदेने २०१६ साली केला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमात सामाजिक सुरक्षेची तरतूद आहे, आणि तिला जोडून एक लहानसे वाक्य आहे : अशा योजनांत दिव्यांगांस मिळणारी रक्कम इतरांना तशाच योजनेत मिळणाऱ्या रकमेपेक्षा किमान पंचवीस टक्के अधिक असली पाहिजे. कायदेमंडळास सेन यांचा युक्तिवाद ठाऊक असो वा नसो, त्या पंचवीस टक्क्यांत तोच आहे. एकाच तंगीत दोघे असतील तर ज्याच्या जगण्याला खर्च जास्त त्याला जास्त द्या. महाराष्ट्रात मात्र २०१७ पासून २०२५ पर्यंत अपंगास आणि अन्य निराधारास मिळणारी मूळ रक्कम सारखीच राहिली, आधी सहाशे, मग हजार, मग पंधराशे. २०२५ च्या वाढीनंतर ती इतरांपेक्षा हजाराने अधिक झाली. ही वाढ दिव्यांगांवरील कृपा म्हणून जाहीर झाली. तिच्यातला किमान पाऊणेचारशेचा भाग आठ वर्षे थकलेले कायदेशीर देणे होते, असे आमचे म्हणणे आहे. त्याच कलमात अधिक आधाराची गरज असलेल्यांच्या सांभाळणाऱ्याला भत्ता देण्याचाही उल्लेख आहे. आपल्याकडे सांभाळणारी बहुधा आई असते, आणि तिला आपण भत्त्याऐवजी मातृत्वावरची भाषणे देतो.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की याच कलमाने उत्पन्नमर्यादा ठरवण्यास मुभा ठेवली आहे आणि 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शब्द घालून सरकारला पळवाटही दिली आहे. म्हणजे आम्ही म्हणतो तसा मर्यादेविना पगार कायद्याने बंधनकारक केलेला नाही. परंतु मर्यादा कोणाच्या उत्पन्नावर असावी याचा विचार करण्यास कायद्याने मनाई केलेली नाही. अपंग माणसाच्या स्वतःच्या उत्पन्नावर ठेवा. घराच्या नको.

नावांविषयी थोडे बोलल्यावाचून राहवत नाही. हे लिखाण अखेर भाषेवर प्रेम करणाऱ्यांसाठी आहे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि तो मराठीतही रुळला. २०२२ च्या ३ डिसेंबरला महाराष्ट्राने वेगळा दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला. स्वतंत्र विभाग होणे महत्त्वाचे आहे. पण ज्या माणसाच्या अंगात आपण दिव्यत्व पाहतो त्यालाच दुसऱ्या टेबलावर निराधार म्हणून उभे करतो, ही विसंगती कोणास खुपत नाही. पासष्टी ओलांडली की त्याचे नाव श्रावणबाळ योजनेत जाते. ही योजना ज्याच्या नावाची, त्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. आईबाप दोघेही अंध. मुलगा त्यांना कावडीत घालून तीर्थयात्रेस नेतो. आज्ञाधारक पुत्राचा आदर्श म्हणून ती आपल्याला सांगतात. आम्हांस ती अलीकडे वेगळी दिसू लागली आहे. दोन अपंग माणसांचा सारा भार एका तरुण खांद्यावर टाकलेला आहे. तो खांदा गेला की तिसरे कोणी नाही. तो जातो, आणि आईबाप तेथेच प्राण सोडतात. बाण कोणाचा होता? राजाचा. त्याने मुद्दाम मारला नाही. न पाहता, नुसत्या आवाजावरून मारला. शासनाने ज्या गोष्टीतून नाव उचलले त्या गोष्टीत राज्यकर्त्याची भूमिका कोणती होती हे नाव सुचवणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

टक्केवारीचे प्रकरणही असेच आहे. एक डोळा पूर्ण गेला तर ते अपंगत्व तीस टक्के धरतात. चाळीसची अट असल्यामुळे एका डोळ्याने तूर-कापूस वेचणारी मजूर बाई कागदोपत्री अपंग नसते. दुसरीकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत, अपघाताने एक डोळा गेला तर एक लाख रुपये सानुग्रह मिळतात. मात्र त्यास कुटुंबाच्या नावे सातबारा लागतो. त्याच शेतात, त्याच दिवशी, मळणीयंत्रातून उडालेल्या त्याच कणसाने मालकाचा डोळा गेला तर तो लाखाचा आणि मजुराचा गेला तर तीस टक्क्यांचा.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप थोर माणसाच्या नावाने घेतला जातो. बाबा आमटे यांनी वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांना दान न देता काम दिले, दानाने माणूस नासतो असे ते सांगत. मग तुम्ही रोख रकमेची भलामण कशी करता, असे आम्हांस विचारले जाते. बाबांविषयी आमच्या मनात आदराखेरीज दुसरे काही नाही. परंतु आनंदवनात काम देण्याआधी जमीन होती, विहीर होती, दवाखाना होता, चूल होती. कामाला लागणारे सारे अवजार संस्थेने आधी जमवले. येलदरीच्या तीनचाकी सायकलवाल्याला 'काम कर' म्हणणाऱ्याने आधी ते उभे करावे. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' ज्यांनी वाचले आहे त्यांना त्यांच्या जिद्दीचे कौतुक वाटते, ते योग्यच. त्यांना केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी होती, दर महिन्याचा खराखुरा पगार होता, हे मात्र कौतुकाच्या भरात मागे पडते. जिद्दीलाही पहिल्या तारखेचा टेकू लागतो.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. खोटी प्रमाणपत्रे आहेत. नाहीत असे कोण म्हणेल? खोटे प्रमाणपत्र देणाऱ्यास शिक्षा करा. परंतु लबाडीचे मुख्य कुरण, आमच्या समजुतीप्रमाणे, उत्पन्नाचा दाखला हेच आहे. दोन एकर कोरडवाहू असलेल्याचे उत्पन्न कोण आणि कसे मोजतो? ते खरे किती, हे त्या शेतकऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून सज्जन माणूसही एकवीस हजारांच्या आतला आकडा लिहून मागतो, आणि लिहून देणाऱ्याचे उपकार आयुष्यभर वागवतो. अट अशी घालायची की ती खोटे बोलल्याशिवाय पुरी होऊ नये, आणि मग लोक खोटे बोलतात म्हणून कपाळाला हात लावायचा, हे बरे नाही.

तिसरा आक्षेप तिजोरीचा. यावर आम्ही फार बोलणार नाही, कारण दुसरी राज्ये बोलतात. आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून अपंगांचे निवृत्तिवेतन सहा हजार केले. तेलंगणात २०२३ सालीच ते ४,०१६ झाले होते. परभणीला लागून नांदेड जिल्हा, आणि नांदेडच्या धर्माबाद-बिलोलीकडील कित्येक गावांनी मध्यंतरी तेलंगणात जाण्याची मागणी केली होती, ती ज्या योजनांकडे बोट दाखवून केली त्यांत निवृत्तिवेतन होतेच. ज्या मराठवाड्याने भाषेसाठी आणि स्वातंत्र्यासाठी निजामाशी झगडा केला त्यातली गावे हैदराबादकडे पुन्हा वळून पाहू लागतात, हे वर्तमानपत्रात एक दिवस छापून येते आणि विरते. तेव्हा कुवतीचा प्रश्न येतो तेव्हा आम्ही एवढेच विचारू की अडीच लाखांच्या मर्यादेपर्यंत पंधराशे देण्याची कुवत ज्या राज्याने २०२४ मध्ये दाखवली, त्याला पन्नास हजारांच्या पुढचा अंध मुलगा जड का व्हावा?

राहिली तारीख. २०२४ सालच्या अखेरीपासून ही रक्कम थेट हस्तांतराने आधार जोडलेल्या खात्यात पाठवण्यास प्रारंभ झाला. मधले हात कमी झाले, हे चांगले. पण जोडणी चुकली, खाते निद्रिस्त झाले, बोटांचे ठसे उमटले नाहीत, तर कोणाकडे जावे हे मात्र पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. पूर्वी निदान एक खिडकी होती आणि खिडकीमागे एक चेहरा होता. शिवाय दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे सांगायला न चालणाऱ्याने चालत जायचे. पैठणच्या कूर्मदासाची कथा या भागात अजून कीर्तनांत सांगतात. हात नाहीत, पाय नाहीत, वारीबरोबर पोटाने सरपटत निघाला आणि लऊळला येऊन थकला. वारकऱ्यांच्या हाती त्याने निरोप धाडला, आणि देव पंढरी सोडून त्याच्याकडे आला. कीर्तनकार येथे भक्तीचा महिमा सांगतात. आम्हांस त्यात कारभाराची एक सोपी रीत दिसते : ज्याला येता येत नाही त्याच्याकडे जावे. वर्षातून एकदा, गावातल्याच कोणा कर्मचाऱ्याने दारोदार जाऊन ही माणसे पाहून यायला किती दिवस लागतील? येलदरीसारख्या गावात एक दुपार.

आम्ही निघालो तेव्हा धरणाचा भोंगा वाजत होता. दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा म्हणून तो वाजवतात. तीनचाकीवाले गृहस्थ सायकल वळवीत म्हणाले, "पानी सोडायचं आधी सांगतेत बघा. तारीख, टाइम, समदं." आम्ही वर्तमानपत्र त्यांच्याकडे दिले. त्यांनी पहिले पान सोडून जिल्ह्याच्या पानावर बोट ठेवले आणि तेथपासून खाली वाचीत गेले.